पाव्हण्यांनी घातलेलं छप्पर

मी एक वाकलेला पत्रा आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, पण मित्रांनो, पोक आलेल्याला तरुण कोण म्हणतं? बेळगावच्या वडगावात, परशराम विणकरांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. माझ्या आडोशाला एक कोंबडी अंडी घालते आणि धुण्याचा साबण पावसात विरघळू नये म्हणून माझ्या पाठीमागे ठेवतात. एवढाच माझा आता उपयोग.

माझा जन्म पोलादाच्या एका भल्यामोठ्या गुंडाळीत झाला. अंगावर जस्ताचा थर चढला, त्यावर निळा रंग बसला आणि मग यंत्राच्या रुळांमधून काढून माझ्यावर उंच-सखल पट्टे पाडले गेले. हे पट्टे शोभेसाठी नसतात. पावसाचं पाणी सखल भागातून वाहून जावं आणि उंच भाग कोरडा राहावा, म्हणून ते असतात. एवढं नीट ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी रड इथूनच सुरू होते.

परशरामांच्या घरामागे मागांची शेड आहे. त्यात त्यांचे यंत्रमाग चालतात आणि साड्या विणल्या जातात. शेडवर आधी कौलं होती. माकडांची टोळी आली की ती फुटायची आणि दर पावसाळ्याआधी परशरामांना वर चढून बसावं लागायचं. शेवटी ते या छळाला कंटाळले आणि बायकोला, अंजनीवहिनींना, घेऊन दुकानात आले. त्यांनी मला बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं, बाजारात मडकं वाजवून बघतात तसं. मी असा खणखणीत बोललो की दुकानदारही हसला. टेम्पोतून घरी येताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती. पत्र्याला छाती नसते म्हणता? त्या दिवशी होती.

आम्हा पत्र्यांची चळत अंगणात लावली आणि दुसऱ्या दिवशी अनगोळचे भावकू मिस्त्री काम बघायला आले. आयटीआय शिकलेले, शेडची कामं करण्यात उमर गेलेली. आल्या आल्या भाव सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट फर्मान सोडलं.

"सगळं माग चालू करा बघू."

खडखडाट सुरू झाला. भावकूंनी भिंतीवर तळहात टेकवला आणि कान देऊन ऐकावं तसे उभे राहिले.

"भिंत थरथरतीया," ते म्हणाले. "हितं खिळा टिकणार न्हाय. जुनं वासं काढून लोखंडी पाइप टाकायला पायजेत, तेबी जवळ जवळ. स्क्रू पत्र्याच्या उंच पट्टीवर, खाली रबराचा वायसर. आणि काम हुईस्तोवर माग बंद."

"बंद?" परशरामांचा चेहरा उतरला. "मागणी लई हाय हो आता."

"माझी मानसं पट्टा बांधून वर चढत्यात. खाली माग फिरत असताना मी कुनाला वर चढवणार न्हाय. संकेश्वरला, सदलग्याला मी घातलेली छपरं हाईत, जाऊन बघा, मालकास्नी इचारा. मला काम न्हाय दिलं तरी चालंल, पण जो कोन घालंल त्याला एवढं इचाराच."

माझ्या मनाने तेव्हाच कौल दिला. माझं अंग कशासाठी घडलंय हे ज्याला कळतं, त्याच्याच हातून वर जावं असं कुठल्या पत्र्याला वाटणार नाही? पण आम्हाला विचारतो कोण!

त्याच आठवड्यात पाडवा आला आणि परशरामांची धाकटी बहीण सुवर्णा सदलग्याहून माहेरी आली. बरोबर तिचे यजमान, अमृत. अमृतचा धंदा मांडवाचा. बांबू, दोऱ्या, कापड आणि वर पत्रे टाकून लग्नाचा मांडव ते एका सकाळीत उभा करत. माणूस हसरा, हाताचा चपळ. पण हल्ली लोक लग्नं मंगल कार्यालयात करतात, त्यामुळे त्यांचे बांबू अंगणात नुसते पडून असत.

सुवर्णाने अंगणातली आमची चळत पाहिली आणि भावाजवळ हळूच विषय काढला.

"आण्णा, हे काम ह्यास्नी द्या की. घरात बसून करमंना झालंय त्यास्नी. पत्रंच तर घालायचं हाईत."

आई-वडिलांच्या माघारी परशरामांनीच या बहिणीला वाढवलं, लग्न लावून दिलं. सासरी गेल्यापासून तिने भावाकडे कधी साधं लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. परशरामांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"पाव्हणं, माग बंद न ठेवता जमंल काय?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय, आण्णा?" अमृत हसले. "मागाच्या वर ताडपत्री बांधा. तुमचं चालू, माझं चालू."

झालं! काम ठरलं. घरात पाव्हण्यांसाठी श्रीखंड वाढलं गेलं आणि अंगणात मी भावकूंच्या वाटेकडे बघत राहिलो.

पाव्हणे गेल्यावर अंजनीवहिनी नवऱ्यावर उखडल्या. मागाची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडावा लागतो. परशरामांकडे हे काम गल्लीतल्या जयाबाईच करत, दुसऱ्या कुणाला ते ताण्याजवळ फिरकू देत नसत.

"जयाबाईला ताप आलता तवा आठवडाभर माग बंद ठेवलासा," वहिनी म्हणाल्या. "सख्ख्या चुलतभावाच्या पोरीला हात लावू दिला न्हाईसा, तिला येत न्हाय म्हणून. आणि छप्पर मांडववाल्याकडनं?"

"ताणा येगळा, पत्रा येगळा," परशराम पुटपुटले. "आणि आपलं मानूस हाय गं. कसं न्हाय म्हणू?"

मित्रांनो, परशराम अडाणी नव्हते. कुठल्या कामाला कोणता हात लागतो हे त्यांना चांगलं कळत होतं. पण ते शहाणपण त्यांनी सुतापुरतं ठेवलं.

अमृत मोठ्या हौसेने आले. काम मन लावून केलं, त्यात लबाडी अजिबात नव्हती. पण त्यांनी घातला तो मांडव. मांडव कसा, चार दिवसांनी सोडायचाच असतो, म्हणून सगळं झटपट बांधायचं आणि झटपट सुटेल असं ठेवायचं. त्यांनी जुनेच वासे ठेवले. ते इतके लांब लांब होते की माझ्या पोटाखाली आधार म्हणून काहीच नव्हतं. आणि खिळे मारले ते सखल पट्टीत, कारण तिथे पत्रा लाकडाला टेकतो आणि खिळा पटकन बसतो. पहिला खिळा माझ्या अंगात घुसला तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'अहो पाव्हणं, तिथून पाणी जातं!' हातोडीच्या आवाजात त्यांना वाटलं असेल, पत्रा खणखणीत आहे.

तरीही खोटं कशाला बोलू? वर गेलो तेव्हा मला आनंद झाला. निळं छप्पर उन्हात झळकायला लागलं. गल्लीतली माणसं मान वर करून बघायची. "आण्णा, शेड लई देखणी झाली की!" शेजारचे आण्णाप्पा म्हणाले आणि परशरामांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्या पाव्हण्यांचं काम हाय." कौतुकाने माझंही डोकं फिरलं. माकडं यायची, माझ्यावर धपाधप उड्या मारून निघून जायची, आणि त्यांना मला काही फोडता येत नाही म्हणून मी हसायचो.

पण खाली माग अखंड धडधडत होते आणि भिंत थरथरत होती. त्या थरथरीने खिळे हळूहळू सैल होत गेले, भोकं रुंद होत गेली. मृगाचा पाऊस लागला तसं पाणी बरोबर माझ्या सखल पट्ट्यांतून वाहत आलं, खिळ्याच्या भोकापाशी थबकलं आणि आत उतरलं. आधी थेंब, मग धार. गंजाचं तांबडं पाणी पांढऱ्या ताण्यावर पडलं. धाग्यांना दिलेली खळ विरघळून ते एकमेकांना चिकटले, तटातटा तुटले. जयाबाई आल्या, धाग्यांवरून बोटं फिरवली आणि उठून गेल्या. ज्या पाण्यापासून या घराला जपायचं, ते मीच आत आणून सोडत होतो. त्या दिवसांत मला स्वतःची लाज वाटायची.

परशरामांनी काय करावं? एक फोन करायचा, 'पाव्हणं, गळतंय, बघून जावा,' इतकं सोपं होतं. किंवा भावकूंना बोलावायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मागांवर प्लास्टिक बांधलं, खाली बादल्या ठेवल्या. सुवर्णाचा फोन आला की ते शेडमधून लांब अंगणात येऊन बोलत, बादलीतला आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आण्णा, पत्रं बरं हाईत न्हवं?"

"झकास हाईत. थेंब म्हणून न्हाय आत."

"अवो, सांगा की खरं!" वहिनी शेजारून दबक्या आवाजात म्हणत.

"तिला वाईट वाटंल," ते म्हणत आणि पुन्हा बादली ओतायला जात.

नागपंचमीला बहिणी माहेरी येतात. सुवर्णाला घेऊन अमृतही आले. चहाचा कप हातात घेऊनच ते कौतुकाने आपलं काम बघायला शेडमध्ये शिरले. परशराम मागून धावले, पण उशीर झाला होता. प्लास्टिकखाली झाकलेले माग, रांगेने मांडलेल्या बादल्या, भिंतीवरचे तांबडे ओघळ, सगळं अमृतनी पाहिलं. हसरा माणूस तो, पण त्यांचा चेहरा असा पडला की माझ्याच्याने बघवेना.

"कवापासनं गळतंय?" त्यांनी विचारलं.

"काय लई न्हाय. जरासं."

"आणि तुमी झकास म्हणत हुतासा?"

अमृतनी कप खाली ठेवला आणि शिडी ओढली.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. पत्रं वली हाईत. ऊन पडू द्या," परशराम विनवू लागले.

"माझ्या हातानं झालंय, मीच नीट करणार."

"त्यास्नी धरा कुनीतरी!" अंजनीवहिनी ओरडल्या.

पण बांबूवर सरसर चढणारा तो माणूस, कुणाच्या हाती लागणार? ना कमरेला पट्टा, ना पायाखाली फळी. मांडवावर ते बांबूच्या गाठी बघून पाय टाकत. इथे वरून वासे दिसत नाहीत. त्यांनी पाय टाकला तो माझ्या पोटावर, जिथे खाली पोकळी होती. मी जीव खाऊन तोलून धरायला गेलो. मित्रांनो, खरंच गेलो! पण आधाराशिवाय पत्रा किती धरणार? मी वाकलो, खिळे उपसले आणि अमृत माझ्यासकट खाली मागाच्या लोखंडी चौकटीवर आदळले.

त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण पाय आखूड झाला तो झालाच. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, वर चढणं मात्र कायमचं बंद. मांडवाचे बांबू दुसऱ्याने नेले.

पुढे भावकू आले. माग बंद ठेवले, लोखंडी पाइप टाकले, उंच पट्टीवर स्क्रू मारले. माझे काही भाऊबंद भोकं बुजवून पुन्हा वर चढले. मला भावकूंनी उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवून बाजूला ठेवलं. आता तिथे थेंबही आत येत नाही. छप्पर असं असतं. ते पाव्हण्यांच्या पडण्याआधी झालं असतं तर?

भाऊबीजेला सुवर्णा एकटीच आली. ओवाळून झाल्यावर ती मागच्या दारी, माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसली. परशराम तिच्यापाशी आले आणि खाली मान घालून उभे राहिले.

"माझं चुकलं, सुवर्णा. पर तू पयल्यांदाच कायतरी मागितलंतंस गं. तुला न्हाय कसं म्हणू?"

सुवर्णाच्या डोळ्यांना धार लागली होती.

"त्यास्नी शेडचं काम येत न्हाय, हे मला काय ठाव न्हवतं व्हय, आण्णा? बायकोचा जीव, मी आपलं इचारून बघितलं. तुमी न्हाय म्हणला असतासा तर मी घटकाभर रुसले असते, च्या पिऊन गेले असते. पत्रं गळत्यात म्हणून फोन केला असतासा, तरी रुसले असते. आता कुनावर रुसू, सांगा की."

परशराम तिथेच तिच्या पायाशी जमिनीवर बसले, आणि वाढवलेली बहीण असूनही तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांचा हात उचलला गेला नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही घर बांधाल, छप्पर घालाल. घालणाऱ्याला विचारा, आधी कुठे घातलंय, ते किती पावसाळे टिकलंय, आधार कशाचा देणार, माणसं पट्टा बांधतात का. तो रागावला तर समजा की त्याला येत नाही. आणि आपलंच कुणी माणूस मायेने काम मागायला आलं, ते त्याला येत नसलं, तर त्याला बसवा, चहा द्या आणि नाही म्हणा. तो रुसेल. रुसू द्या. रुसलेला माणूस आपल्या दोन पायांनी चालत परत येतो.