टॉलिव्हरच्या उतारावर

सरकारी धरणवाल्यांनो, तुम्ही खोटं बोललात. गुळगुळीत शब्दांत मांडावं असं त्यात काही नाही. धरण बांधलंत, लॉरेल फोर्कचं खोरं बुडवलंत, आणि डोंगराच्या वरच्या दांडावर एकट्या पडलेल्या दफनभूमीला पाण्याच्या कडेनं रस्ता करून देऊ, असं शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडून, हॅट काढून, चारचौघांदेखत सांगितलंत. ती शाळा आता पाण्याखाली आहे. रस्ता कुठेच नाही. त्याच्याऐवजी मे महिन्यातल्या डेकोरेशनच्या, म्हणजे थडगी झाडून सजवायच्या, रविवारी तुम्ही एक बोट पाठवता, आणि तुमचा माणूस असा चेहरा करून लाइफ जॅकेटं वाटतो की जणू त्याच्या घरचंच लग्न आहे. यंदा तर तीही पाठवली नाहीत.

नोव्हेला रॅटलिफला हे धक्क्यावरच्या पाटीवरून कळलं. ‘पाण्याची पातळी कमी असल्यामुळे या वर्षी बोट सुटणार नाही.’ धरणाची डागडुजी काढून पाणी तुम्हीच सोडलेलं. बोट चिखलात एका कुशीवर कलंडलेली होती आणि तिच्या टपावर एक बगळा उभा होता.

“आता?” वेंडेलनं विचारलं. वेंडेल तिचा धाकटा भाऊ. सत्तरीला टेकला तरी नोव्हेलासमोर त्याचा आवाज शाळेतलाच निघायचा.

“आता काय? अर्डिथला काय सांगायचं ते तू सांग. मी सांगणार नाही.”

अर्डिथ या दोघांची थोरली बहीण. गावातल्या चर्चच्या आवारात वेंडेलची लांबलचक घरगाडी, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी होती. तिच्यात खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ती नाकाला नळी लावून बसलेली. शेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं, आणि वेंडेलची बायको लुरलीन सोबतीला होती. ओहायोपासून इथवर अर्डिथ एकच वाक्य बोलत आली होती: “आयव्हीची माती यंदा मी माझ्या हातानं वर ओढणार.” आयव्ही तिची पहिली मुलगी. धड डोळे उघडून आईकडे बघायच्या आत गेली, आणि खोरं बुडायच्या आधी त्या दांडावर पुरली गेली. तिच्या शेजारी अर्डिथचा नवरा कॉर्बिन. त्याची शवपेटी तुमच्याच बोटीनं नेली होती. मागच्या दोन वर्षांत दवाखान्यांनी अर्डिथला सोडलं नव्हतं. पुढच्या वर्षाची गोष्ट कोणी काढत नव्हतं.

तेव्हा घरगाड्या लावायचा तळ निवडायचा तो असा, की जिथे यंत्राला वीज मिळेल आणि जिथून अर्डिथ दांडावर पोचेल. रॅटलिफांचं सगळं गणगोत आपापल्या घरगाड्या घेऊन शनिवारपर्यंत येणार होतं. जागा निवडायचं काम नेहमीसारखं नोव्हेलाकडे. तिनं निवडलेल्या जागेवरून आजवर कोणाची रुसून जायची हिंमत झाली नव्हती.

घरगाडीमागे बांधून आणलेली छोटी मोटार सोडवून दोघं निघाले. वेंडेलच्या हातात फोन होता.

“रिजव्ह्यू. साडेचार तारे. पोहायचा तलाव, केबल, काँक्रीटचे सपाट ओटे. एक बाई लिहितेय, इथे आल्यावर तिच्या नवऱ्याचं घोरणं थांबलं.”

“मेला असेल तो.”

“नोव्ही!”

“बघू या तर. तुझे तारे बघू.”

रिजव्ह्यूला नावं ठेवायला जागा नव्हती. ओटे असे सपाट की भरलेला ग्लास ठेवला तर पाणी हलू नये. विजेचे खांब नवेकोरे, न्हाणीघरात साबणाचा वास. नोव्हेलाची एक रीत होती: कुठल्याही तळावर गेली की घडीची खुर्ची उघडून मधोमध बसायची आणि काहीच करायची नाही. शेजारी हसून बोलतात की पडदे ओढतात, पोरं सायकली कुठे टाकतात, कोणी नवी गाडी मागे घेताना फजितीत सापडला तर लोक बघत बसतात की उठतात, हे ती बघायची. इथे एकजण गाडी मागे घेत होता आणि त्याची बायको मागे उभी राहून, कावळे हाकलावेत तसे हात करत होती. शेजारचे तिघं उठले आणि न हसता मदतीला गेले. नोव्हेलानं मान डोलावली. माणसं चांगली होती.

मग तिनं कचेरीतल्या मुलीला दांडाबद्दल विचारलं.

“अहो, तो तर आमच्याकडचा सर्वांत सुंदर देखावा!” मुलगी मनापासून म्हणाली आणि त्यांना गच्चीवर घेऊन गेली. पलीकडे, पाण्यावर, हिरवा दांड उभा होता. कठड्याला एक दुर्बीण बसवलेली. नाणं टाकलं की झाकण उघडतं.

वेंडेलनं डोळा लावला. “दिसतंय, नोव्ही! पांढरे दगड दिसताहेत. अर्डिथला इथे आणून बसवू, दुर्बीण...” बोलता बोलता त्यालाच ते ऐकू आलं आणि त्यानं दुर्बीण सोडली.

“चल,” नोव्हेला म्हणाली. मुलीचे आभार मानायला ती विसरली नाही.

चर्चमध्ये पाद्र्याच्या बायकोनं सकाळीच दबक्या आवाजात सांगितलं होतं: टॉलिव्हर जेन्ट्रीच्या धान्यकोठारामागून लाकूडतोड्यांची जुनी वाट वर जाते. त्याच्या कुरणात चार-सहा घरगाड्याही राहतात. पण माणूस तिरसट आहे. परवानगी विचारायला गेलेल्या कितीजणांना त्यानं नुसत्या मानेनं परत पाठवलंय.

रस्ता खाली उतरत गेला, वळत गेला, अरुंद होत गेला. वेंडेलनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. “माझी घरगाडी इथून? तिचं शेपूट घासून निघेल!”

फाट्यावर जुन्या फ्रिजचं दार उभं केलेलं होतं. त्यावर रंगानं लिहिलेलं: ‘कॅम्पिंग. कुत्रा चावत नाही. मी चावतो.’

टॉलिव्हर जेन्ट्री ट्रॅक्टरखाली आडवा होता. बाहेर आला तो नुसती दाढी आणि ग्रीस. हात पुसून त्यानं इथे सगळेच आधी विचारतात तो प्रश्न विचारला. “कुठली माणसं तुम्ही?”

“रॅटलिफ. लॉरेल फोर्कच्या वरच्या अंगाची.”

“हं,” तो म्हणाला. एवढंच.

कुरण उतरतं होतं. सरळ सांगायचं तर ती घसरगुंडीच होती. वेंडेलनं चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “इथे झोपलो तर सकाळी लुरलीन माझ्या अंगावर सापडेल.”

“इथून भांडून परत गेलेलं जोडपं अजून तरी बघितलं नाही,” टॉलिव्हर म्हणाला. “चाकांखाली ठोकळे देईन. वीज आहे, पण एसी आणि मायक्रोवेव्ह बरोबर लावलंत तर अख्खं खोरं काळोखात.”

“माझ्या बहिणीचं प्राणवायूचं यंत्र आहे,” नोव्हेला म्हणाली.

टॉलिव्हरनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “मग तिची तार माझ्या स्वयंपाकघरातून ओढू. ती लाइन कधी जात नाही.”

वेंडेल तिच्या कानाशी लागला. “नोव्ही, माणूस बरा असेल, पण अर्डिथचा जीव याच्या स्वयंपाकघराला टांगायचा? रिजव्ह्यूला डॉक्टर पंधरा मिनिटांवर आहे.”

खोटं नव्हतं ते. नोव्हेलाला कळत होतं. डोंगराच्या वाटेवर अर्डिथला काही झालं तर गणगोत तिलाच विचारणार होतं, आणि ती स्वतःही स्वतःला विचारणार होती. तिनं खुर्चीसुद्धा उघडली नाही. “संडास कुठेय, मिस्टर टॉलिव्हर?”

“कोठाराच्या पलीकडे. सापाला घाबरू नका, तो जुना आहे.”

परत येताना ती कोठाराच्या भिंतीशी थबकली. तिथे एक रुंद पात्याचं फावडं टेकवलेलं होतं, पात्यावर वाळलेली लाल माती. नोव्हेलानं पायाखाली बघितलं. कुरणाची माती काळीभोर. नदीकाठची सगळी काळी. तांबडी माती लॉरेल फोर्कला एकाच ठिकाणी, वर दांडावर. लहानपणी डेकोरेशनहून आल्यावर आई त्याच तांबड्या मोज्यांवरून ओरडायची.

ती फावडं हातात घेऊनच आली. “हे काय खणता याच्यानं?”

“बाग.”

“बागेत काळी माती आहे.”

टॉलिव्हरनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “पावसानं ढिगारे बसतात,” तो शेवटी म्हणाला. “थडगं बसलं की आत कोणी नसल्यासारखं दिसतं. त्यांच्या माणसांना यायला रस्ता नाही. मी जातो वसंतात, माती वर ओढून देतो. त्यात त्या सरकारी पोरांनी मध्ये गवत पेरलं. हिरवळ! छान दिसावं म्हणून! सगळं खरवडून काढायला मला दोन उन्हाळे गेले.”

ऐकलंत? आमच्यात थडग्यावर गवत म्हणजे त्या मेलेल्याला कोणी उरलं नाही. उघडी, झाडलेली, ढीग करून ओढलेली माती म्हणजे इथे कोणी तरी येतं. विचारलं असतंत तर कोणीही सांगितलं असतं. तुम्ही बी फेकलंत.

“एक लहानसं आहे तिथे,” टॉलिव्हर म्हणाला. “दगडावर कोकरू कोरलेलं. कान तुटला होता त्याचा, मी सिमेंटनं बसवला. जरा वाकडा बसलाय.”

नोव्हेलाला फावडं जड झालं. तिनं ते अलगद जागेवर टेकवून ठेवलं.

“हीच जागा,” ती म्हणाली.

“अगं पण वीज...”

“वेंडेल. हा माणूस आपल्या आयव्हीला सांभाळतो. अर्डिथला तो वाऱ्यावर सोडेल?”

वेंडेलनं फोन खिशात घातला. मग बराच वेळ त्यानं तो बाहेर काढला नाही.

घरगाडी खाली आणायचा सोहळा बघायला आसपासची माणसं खुर्च्या घेऊन आली. टॉलिव्हर पुढे उलटा चालत होता आणि वेंडेल आत घामानं भिजून देवाचं नाव घेत होता. अर्डिथ खिडकीतून म्हणाली, “हळू काय चालवतोस, मी म्हातारी होतेय!” शेपूट एकदाच घासलं. चाकांखाली ठोकळ्यांचा एवढा मोठा ढीग लागला की लुरलीन म्हणाली, “आता आत चढायला शिडी आणा.” स्वयंपाकघरातून तार आली, यंत्र घुरघुरू लागलं. टॉलिव्हर खिडकीखाली उभा राहून तो आवाज ऐकत राहिला, ट्रॅक्टरचं इंजिन ऐकावं तसा.

रविवारी प्रश्न होता वाटेचा. अर्डिथला उचलून न्यावं तर तिचा श्वास कोंडायचा. टॉलिव्हरनं गवत वाहायची सपाट गाडी ट्रॅक्टरला जोडली. वेंडेल घरगाडीत शिरला, पाना घेतला, आणि अर्डिथची आरामखुर्ची जमिनीपासून सोडवून बाहेर आणली. त्यानं किती लाडानं घेतली होती ती घरगाडी. आता तिच्या फरशीला चार भोकं पडली होती.

“राणीसारखं वाटतंय,” पट्ट्यांनी बांधलेल्या खुर्चीत बसून, मांडीवर प्राणवायूची नळकांडी धरून अर्डिथ म्हणाली. “फक्त राणीच्या पायाशी कोंबडीचं टोपलं नसतं.”

“ते तळलेलं आहे,” लुरलीन म्हणाली. “पाय मारू नका.”

मागे सगळं गणगोत चालत होतं. प्लास्टिकच्या फुलांचे गुच्छ, अंडी, केळ्याचं पुडिंग, झाडू, कुदळी. चढावर ट्रॅक्टर कण्हला की सगळेच श्वास धरायचे. टॉलिव्हर दर वळणाला थांबून मागे वळायचा. “मिस अर्डिथ?” “जिवंत आहे!” पुन्हा पुढचं वळण, पुन्हा तेच.

सगळे दांडावर पोचले. लाल ढिगारे ओळीनं, झाडलेले, उघडे. ज्यांच्या दगडांवरची नावं झिजून गेली होती तेसुद्धा. अर्डिथला खुर्चीसकट उतरवून कोकराच्या दगडाशी ठेवलं. तिनं खाली वाकून तुटका कान चाचपला. मग मूठभर माती कडेनं वर ओढली, पुन्हा ओढली. टॉलिव्हरनं मुद्दाम तेवढी कड राहू दिली होती. कोणी तरी गाण्याची ओळ टाकली आणि बाकीच्यांनी ती लांबवत उचलली. वाद्य नाही, काही नाही. त्या आवाजापुढे नळीची फुसफुस ऐकू येईना.

जेवणं झाल्यावर अर्डिथनं विचारलं, “टॉलिव्हर, तुझं कोण आहे इथे?”

“कोणी नाही, मिस अर्डिथ. माझी आई खालच्या चर्चमागे होती.” त्यानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. “पाणी भरायच्या आधी थडगी हलवायची यादी केली, तीत तिचं नाव आलं नाही.”

अर्डिथनं त्याचा ग्रीसचा हात आपल्या लाल मातीच्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाजूला बसलेल्या नोव्हेलाला वाटलं, आयुष्यात इतक्या जागा निवडल्या, पण दुसऱ्याच्या मेलेल्यांची माती ओढणाऱ्याच्या दारात आपली गाडी आजच उभी केली.

मग अर्डिथ आयव्ही आणि कॉर्बिनच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, “ही माझी. पुढच्या वेळी मी खुर्चीत बसून येणार नाही, आडवी येईन. टॉलिव्हरही माझ्याच वयाचा होत चाललाय. तेव्हा मला इथवर आणायचं कुठून?”

वेंडेलनं नोव्हेलाकडे बघितलं. नोव्हेलानं टॉलिव्हरकडे. टॉलिव्हरनं पाण्याकडे, जिथे पलीकडच्या धक्क्यावर तुमची बोट चिखलात आडवी पडली होती.

प्रश्न त्यांना नव्हता. तुम्हाला आहे. एका म्हातारीनं, हात मातीत असताना, श्वास मोजून विचारलेला. रस्ता कुठे आहे? बोट नाही, दुर्बीण नाही, गवताचं बी नाही. रस्ता. सांगा.