गच्चीचा उतार
पावसाला दहा-बारा दिवस राहिले की गवंड्याला मान वर करायला फुरसत नसे. कुणाची गच्ची गळे, कुणाच्या खिडकीवरून ओल उतरे, आणि वर्षभर हातावर हात ठेवून बसलेल्या सगळ्यांना तो उद्याच हवा असे. त्यातच एका घरातल्या दोघा भावांपैकी धाकट्याचा निरोप आला, गच्चीच्या भेगा भरायच्या आहेत, येऊन जा.

दोघा भावांच्या त्या गच्चीवर मधोमध छातीएवढी भिंत हिवाळ्यात त्यानंच बांधली होती. वाटण्या होऊन दोघांत बोलणं उरलं नव्हतं. भिंत सरळ येते की नाही, हे दोघंही वेगवेगळ्या वेळी येऊन बघून जात. गच्चीचा सगळा उतार थोरल्याच्या कोपऱ्याकडे, पाणी उतरायचा पाइपही तिथंच. तळाशी भोक ठेवायला हवं, हे त्याला पहिली वीट लावतानाच कळलं होतं. पण विषय काढायचा म्हणजे नवं भांडण उकरायचं. तो मूग गिळून बसला होता.

आता मात्र नुसत्या भेगा बुजवून निघून जायला त्याचं मन धजेना. त्यानं धाकट्याच्या बायकोकडून चार बादल्या पाणी मागून घेतलं आणि गच्चीवर ओतलं. पाणी सरळ भिंतीशी गेलं आणि तिथंच थांबलं.

“हे आता जाणार कुठं?” तिनं विचारलं.

“कुठंच नाही, वहिनी.”

तिनं नवऱ्याला वर बोलावलं. दादानं मुद्दामच हे करून घेतलं, असं म्हणत त्यानं आवाज चढवला. तो ऐकून थोरलाही आपल्या जिन्यानं वर आला. भिंतीपलीकडून त्याचं डोकं दिसलं. धाकटा त्याच्याकडे न बघता गवंड्याला म्हणाला, की काय झालंय ते तूच सांग यांना.

गवंड्यानं थापी खाली ठेवली. “मला हिवाळ्यातच दिसलं होतं. बोललो नाही. चूक माझी आहे.”

मग थोरल्यानं त्याला फैलावर घेतलं. इतकी वर्षं भिंती बांधतोस, मग डोळे काय घरी ठेवून आला होतास? धाकट्यानंही त्यात भर घातली. एकाचं संपलं की दुसरा सुरू करी. गवंडी खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला वाईट वाटत होतं, पण हलकंही वाटत होतं. मधेच थोरल्यानं त्याच्या डोक्यावरून विचारलं, “खोलीत ओल आली का?”

“अजून नाही, दादा.”

सहा महिन्यांत दोघं पहिल्यांदाच बोलले होते. गवंड्यानं मान वर केली नाही, छिन्नी तेवढी हातात घेतली. एक भोक पाल्यानं तुंबेल, दोन कर, असं थोरल्याचं म्हणणं पडलं. जाळी बसवली तर एकही पुरेल, असं धाकट्याचं. त्यावरून दोघांची पुन्हा थोडी जुंपली. गवंड्यानं दोन भोकं पाडली आणि दोन्हींना जाळ्या बसवल्या.

पाऊस लागला तो तीन दिवस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी गवंडी कुणी न बोलावता बघायला गेला. गच्ची कोरडी नव्हती, पण पाणी कुठं साचलंही नव्हतं. भिंतीपलीकडून थोरला विचारत होता, जाळी साफ केलीस का? धाकटा म्हणाला, केली. एवढं बोलून दोघं आपापल्या जिन्यानं खाली गेले.