दोन उजव्या हातांचा द्वारपाल

मी तारगुन बोलतोय, धुक्याच्या किल्ल्याचा द्वारपाल. नाव ओळखीचं वाटलं नाही तर ओशाळू नका. ज्यांनी माझा चित्रपट पाहिला, त्यांनाही ते आठवत नाही. तीन तासांच्या चित्रपटात मी चार मिनिटं दिसतो आणि त्यातलं दीड मिनिट मरत असतो. तरीही माझी बारा इंची प्रतिकृती काढावी असं एका कारखान्याला वाटलं, कारण माझं चिलखत छान होतं. चिलखत छान असलं की माणसं बाकी फारसं काही विचारत नाहीत.

कारखान्यात एका बाईने माझे डोळे रंगवले. तिला अकरा सेकंद लागले. त्या अकरा सेकंदांत तिने मला जितकं नीट पाहिलं, तितकं पुढे कित्येक महिने कोणी पाहिलं नाही. पुढच्या टेबलावर हात बसवत. त्या दिवशी डाव्या हातांचा ट्रे संपला होता. तिथल्या माणसाने क्षणभर विचार केला, घड्याळाकडे पाहिलं आणि उजव्यांच्या ट्रेमधून आणखी एक हात उचलला. दुसरा उजवा हात ढालीमागे गेला आणि झाकला गेला. मग मान, कंबर, मनगटं आणि घोटे सहा तारांनी बांधून मला खोक्यात उभं केलं. चित्रपटात मला पकडायला चाळीस राक्षस लागले होते.

मी कुवेतला पोचलो तो सुर्रा भागात, धारीच्या घरी. धारी चोवीस वर्षांचा. त्याने माझी चौदा महिने वाट पाहिली होती. मी आल्यावर त्याने हातमोजे घातले आणि मला फार हळुवार उचललं. म्हणजे मला नाही, खोक्याला. खोक्याचे कोपरे त्याने भिंगातून तपासले, खोक्याचा वासही घेतला. त्याच्या खोलीत माझ्यासारखे आणखी त्रेसष्ट शूरवीर होते, सगळे बंद खोक्यांत. त्रेसष्ट योद्धे, आणि गुडघा कसा वाकतो हे एकालाही माहीत नव्हतं. उघडलं की किंमत जाते, असं धारी म्हणायचा.

पण धारी नुसता संग्राहक नव्हता. तो आमची परीक्षणं करायचा. कॅमेऱ्यासमोर बसून कोण चांगला, कोण वाईट, हे सांगायचा आणि दहापैकी गुण द्यायचा. रियाधपासून मस्कतपर्यंतचे लोक त्याच्या शब्दावर खरेदी करायचे. धारी हो म्हणाला की घ्यायचं, असं ते एकमेकांना सांगायचे.

माझं परीक्षण त्याने दिवाणियात केलं, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत. तिथे उजेड चांगला येतो.

"सांधे पाहा," तो माझ्या खोक्यावर बोट फिरवत म्हणाला. "चौतीस सांधे, आणि हालचाल लोण्यासारखी."

मी तोवर आयुष्यात एकदाही हललो नव्हतो.

"आणि हात! दोन्ही हातांची घडण इतकी खरी आहे की नखंसुद्धा मोजता येतात. दहापैकी दहा."

तेवढ्यात त्याचे वडील दारात आले. त्यांना सगळे बू धारी म्हणतात, म्हणजे धारीचे वडील. ज्या मुलाच्या नावाने जग आपल्याला हाक मारतं, तो मुलगा बाहुल्यांशी बोलतो, हे त्यांना जरा जड जात असे.

"कोणाशी बोलतोयस?"

"लोकांशी, बाबा."

"खोलीत कोणी नाही."

"चाळीस हजार आहेत."

"मग त्यांना कॉफी विचारलीस का?" बू धारी म्हणाले. "आणि ती बाहुली उचल इथून. असरच्या नमाजानंतर माणसं येतील."

"बाहुली नाही, बाबा. प्रतिकृती आहे."

"बरं. मग ती प्रतिकृती उचल."

धारीने उचललं नाही. येत्या शनिवारी संग्राहकांचं मोठं प्रदर्शन होतं. धारीला तिथे परीक्षकाची खुर्ची मिळाली होती आणि मधल्या टेबलावर मला ठेवायचं ठरलं होतं, अर्थातच बंद खोक्यात. त्यासाठी माझे फोटो काढायचे होते. म्हणून मी भिंतीतल्या फळीवर राहिलो, खजुरांच्या ताटाशेजारी.

दुपार कलल्यावरच्या त्या नमाजानंतर माणसं आली आणि भिंतीला टेकून बसली. धारी घरचा मुलगा, म्हणून कॉफी देणं त्याचं काम. किटली डाव्या हातात, पेला उजव्या हातात. बू धारींचे जुने मित्र बू मुसाइद आज आपल्या नातीला घेऊन आले होते. तिचं नाव वस्मिया, वय सात. बाकीचे पेट्रोलच्या भावावर बोलत होते, ती माझ्याकडे बघत होती.

"माशाअल्लाह," ती म्हणाली. कौतुक करताना दृष्ट लागू नये म्हणून हे म्हणायचं, असं तिला कोणीतरी नीट शिकवलं होतं. "हा किती छान आहे."

"आवडला?" बू धारी म्हणाले. "मग तुझाच तो."

आता ही इथली रीत आहे. पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली की यजमान "तुमचीच" म्हणतो. पाहुणा म्हणतो, "छे, तुमच्याकडेच शोभते." असं तीनदा होतं आणि वस्तू जागची हलत नाही. या खोलीत मी तासाभरात एक घड्याळ, दोन गालिचे आणि एक जिवंत ससाणा दान झालेला पाहिला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. उदारपणाचा एवढा स्वस्त प्रकार मी किल्ल्यातही पाहिला नव्हता.

पण वस्मियाला या रीतीचा पहिला अर्धाच भाग माहीत होता.

"बरं," ती म्हणाली. उठली, फळीवरून मला काढलं आणि मांडीवर घेऊन बसली.

"अगं, ठेव ते," बू मुसाइद घाईने म्हणाले. "बू धारी, मनावर घेऊ नकोस. पोर आहे, तिला कळत नाही."

इथे सगळं निभावलं असतं. पण दहा माणसं बघत होती आणि बू धारींना राहवलं नाही.

"अल्लाची शपथ, ते आता परत घेणार नाही," ते म्हणाले. "माझ्या घरातून पोर रिकाम्या हाताने जाईल?"

शपथ झाली, म्हणजे संपलं. धारी बू मुसाइदांच्या पेल्यात कॉफी ओतत होता. तो ओततच राहिला. पेला काठोकाठ भरला. इथे पेल्यात चार घोट ओततात. भरलेला पेला म्हणजे पिऊन चालते व्हा. बू मुसाइदांनी पेल्याकडे पाहिलं, धारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सगळी कॉफी प्यायली.

गाडीत वस्मियाने खोकं फाडलं. हातमोजे न घालता. सहाही तारा सोडल्या आणि माझा गुडघा वाकवला. लोण्यासारखा नव्हता, करकरला. पण मला काय वाटलं ते मी सांगणार नाही, द्वारपालांना ते शोभत नाही.

"नीट ऐक," सिग्नलला थांबल्यावर बू मुसाइद म्हणाले. "कोणी तुझंच म्हणालं की आपण नाही म्हणायचं. तीनदा."

"मला हवं असलं तरी?"

"तरी."

"मग ते तुझंच असं का म्हणतात?"

सिग्नल हिरवा झाला. बू मुसाइदांनी गाडी चालवण्याकडे फार लक्ष दिलं.

"आजोबा," ती थोड्या वेळाने म्हणाली. तिने ढाल काढली होती. "ह्याला दोन्ही हात उजवेच आहेत."

धारीला परीक्षणासाठी भिंग, दोन दिवे आणि अठरा मिनिटं लागली होती. हिला तीन सिग्नल लागले.

गुरुवारी धारी बू मुसाइदांकडे आला. हातात एक मोठी बाहुली होती, गाणारी. ती त्याने वस्मियाला दिली. वस्मियाने आभार मानले आणि बाहुलीला माझ्याशेजारी बसवलं. मी तेव्हा एका गादीवर बसलो होतो, समोर टोपणाएवढा पेला.

माझं खोकं कुठे दिसतं का, हे धारीने डोळ्यांनीच शोधलं. मग तो घसा साफ करून म्हणाला, "माशाअल्लाह, काका. काय सुंदर वस्तू आहे ही."

हे त्याने वाटेत पाठ केलं असावं. वडिलांच्या शपथेला धक्का न लावता मला परत न्यायचा तो एकच रस्ता होता. बू मुसाइदांना ते कळलं. त्यांना भरलेला पेलाही आठवत असणार.

"तुझीच आहे, बाळा," ते म्हणाले.

धारीने हात पुढे केला.

"काका," वस्मिया त्याला म्हणाली, "आता तुम्ही नाही म्हणायचं असतं."

धारीचा हात तिथेच राहिला. एक तर चोविसाव्या वर्षी काका, त्यात हे.

"तीनदा," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का? मलापण नव्हतं. मी मोजते."

"नाही," धारी म्हणाला.

"एक."

"तुमच्याकडेच... शोभतो."

"दोन."

तिसऱ्यांदा त्याचा आवाज इतका खाली गेला की बू मुसाइद छताकडे बघायला लागले. त्यांना हसू दाबायचं होतं.

वस्मियाला त्याची दया आली. तिने मला उचलून त्याच्या हातात दिलं. "बघायला देते. पण त्याला कॉफी वाढायला सांगू नका. पेला उजव्या हातात धरतो, पण किटली धरायला डावा हातच नाही त्याला. म्हणून आमच्याकडे तो नेहमी पाहुणाच असतो."

धारीने माझे हात पाहिले. एक उलटला, दुसरा उलटला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला. या वेळी हातमोजे नव्हते.

"मी म्हणालो होतो, नखंसुद्धा मोजता येतात," तो हळूच म्हणाला.

"येतात की," वस्मिया म्हणाली. "दहाच आहेत."

धारीने फोन काढला. "काका, इथे बोलू का जरा?"

"बोल. किती जण आहेत?"

"चाळीस हजार."

"एवढी कॉफी नाही," बू मुसाइद म्हणाले.

धारी फोनसमोर म्हणाला, "मी तारगुनला दहापैकी दहा दिले होते. मी खोकं उघडलं नव्हतं. आजवर एकही उघडलेलं नाही." मग त्याने माझे दोन्ही हात दाखवले. वस्मियाने गुडघा वाकवून करकर ऐकवली.

संध्याकाळपर्यंत मस्कतमधल्या एकाने आपलं खोकं फोडलं. दोन उजवे हात. दम्मामच्या एकाने फोडलं, तेच. बाकीच्यांनी धारीला नावं ठेवली आणि आपली खोकी फोडली नाहीत. परीक्षकाची खुर्ची गेली. तरी शनिवारी धारी प्रदर्शनाला गेला आणि वस्मियाने देऊन टाकलेलं माझं फाटकं, रिकामं खोकं मधल्या टेबलावर ठेवून आला. एका गृहस्थांनी ते चारी बाजूंनी पाहिलं आणि दहापैकी आठ दिले.

आता धारीच्या खोलीत दर शुक्रवारी एक योद्धा खोक्याबाहेर येतो. त्रेसष्टांतले एकोणीस झाले. दोघांच्या माना हातात आल्या. तो ते तसंच सांगतो. ऐकणारे चाळीस हजारांचे नऊ हजार झालेत आणि बू धारी दारात उभं राहून ऐकतात. परवा त्यांनी विचारलं, "ह्याचा पाय वाकतो का?"

माझं म्हणाल तर चिलखताचा सोनेरी रंग गेलाय. हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूत ढाल हरवली. हात दोन्ही शाबूत आहेत, दोन्ही उजवे. तुमच्या कपाटात माझा कोणी भाऊ तारांनी बांधून उभा असेल, तर त्याच्यासाठी एवढं करा. कौतुक नंतर करा, आधी उजवे हात मोजा.

आणि कधी आमच्याकडे आलात, तर मला छान म्हणायला हरकत नाही. बू मुसाइद लगेच म्हणतील, "तुमचाच." पुढे काय म्हणायचं, ते तुम्हाला आता माहीत आहे. वस्मिया मोजत असते.