सगळ्यांच्या वतीने

बक्षिसाच्या फेरीचा तिसरा दिवस उजाडला, तोवर कॅप्टनला जिनेवालीचं खाणं, हसणं, शिंकणं, काही म्हणजे काही सहन होईनासं झालं होतं.

आता कॅप्टन कोण आणि जिनेवाली कोण, ते आधी सांगायला हवं. तरुण नेतृत्वाचा पुरस्कार मिळालेली आठ पोरंपोरी होती. त्यांना एका बसमधून देशभर फिरवायचं, कारखाने दाखवायचे, शाळाशाळांतून मिरवायचं आणि शेवटी राजधानीतल्या मोठ्या सभागृहात उभं करायचं, असं ते बक्षीस. एवढी नवी नावं कोण लक्षात ठेवणार! म्हणून पहिल्याच दिवशी ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव पडलं. रात्रशाळेसाठी जुने चष्मे गोळा करणारा तो चष्मेवाला, तळ्यावर पोरांना पोहायला शिकवणारी ती बुडबुडी. शाळेशेजारचं मैदान ट्रकवाल्यांच्या तावडीतून सोडवणारी ती कॅप्टन. हे नाव मात्र तिला बसने दिलं नव्हतं. ते बाबांनी ठेवलेलं, घरून आणलेलं, आणि बसची पायरी चढताचढताच तिने ते सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

जिनेवालीचं काम ऐकाल तर तुम्हीही म्हणाल, एवढंच? तिच्या उंच इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती, ती काही केल्या दुरुस्त होईना. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरातच अडकली. मग हिने मजल्यामजल्यावरची पोरं गोळा केली. खालच्याने पिशवी वरच्याकडे द्यायची, त्याने त्याच्या वरच्याकडे. दूध, औषधं, भाजी, सगळं हातोहात वर. आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची, म्हाताऱ्यांना टेकायला. झालं! संपलं काम!

"खुर्च्या मांडल्या म्हणून पुरस्कार?" कॅप्टन बुडबुडीच्या कानाशी लागली. "मग फर्निचरच्या दुकानदारालाही द्या की एक."

बुडबुडी हसली, पण पुढच्याच थांब्यावर जिनेवालीच्या शेजारी जाऊन बसली. सगळे तेच करायचे. जिनेवाली कुणाला बोलवायची नाही, पण लोक आपले तिच्याभोवती गोळा. बाटल्यांच्या कारखान्यात कॅप्टनने मुकादमाला भट्टीबद्दल इतके हुशार प्रश्न विचारले की मॅडमनी मान डोलावली. या मॅडम म्हणजे फेरीच्या प्रमुख. जिनेवालीने विचारलं काय, तर "इथे उभं राहून तुमचे पाय दुखत नाहीत का हो?" आणि तो मुकादम! भट्टी सोडली आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलत सुटला. निघताना त्याने निळ्या काचेची एक छोटी बाटली दिली ती कुणाला? गुडघेवाल्या प्रश्नाला! कॅप्टनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग तिने एक उद्योग सुरू केला. जिनेवालीला खोदून खोदून विचारायचं. कुठेतरी खोट असणारच, कुठेतरी फुशारकी असणारच, ती एकदा हाताला लागली की झालं. अतिथीगृहात दोघींना एकच खोली मिळालेली, दोन लोखंडी पलंग आणि मध्ये एक डुगडुगणारं टेबल. त्यामुळे सोयच झाली.

"सगळ्यांनी दिल्या खुर्च्या? एका फटक्यात?"

"छे गं. सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी दारच उघडलं नाही. मोडकी दिलीत तर मोडकी चालेल म्हटलं, तरी नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्या वळणावर आम्ही पोरंच आळीपाळीने उभी राहायचो, खांदा द्यायला. एकदा काकू स्वतःच दमून तिथे थांबल्या, तेव्हा माझा खांदा धरला त्यांनी. दुसऱ्या दिवशी बघते तर खुर्ची! वर उशी पण."

कॅप्टनने कूस बदलली. खोट काही सापडेना. उलट ती उशी डोळ्यांसमोरून हलेना. कसली असेल, कुठल्या रंगाची, असले प्रश्न डोक्यात यायला लागले आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

इथवर सगळं पोटातल्या पोटात होतं. पण मॅडमनी बसमध्ये जाहीर केलं की राजधानीतल्या कार्यक्रमात आठांपैकी एकालाच बोलायला मिळेल, सगळ्यांच्या वतीने, आणि ते टीव्हीवर थेट दिसेल. झालं. कॅप्टनने त्याच संध्याकाळी घरी फोन लावला.

कॅप्टनचे बाबा न्हावी. दुकान लहान, दोन खुर्च्या आणि एक लांब आरसा, पण गिऱ्हाइकं जुनी, आणि कात्री चालू असेपर्यंत बाबांचं तोंडही चालू. त्यातलं निम्मं बोलणं लेकीबद्दल. ती फोनवर आली की हातातली कात्री खाली ठेवायचे, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसलं असलं तरी.

"बाबा, शेवटच्या दिवशी भाषण आहे. टीव्हीवर."

"तूच करणार ना?"

आता इथे 'अजून ठरायचंय' म्हणायचं की नाही? दोन शब्द! पण समोर जिनेवाली अतिथीगृहाच्या स्वयंपाक्याबरोबर कांदे सोलत बसली होती, आणि तो स्वयंपाकी तिला आपल्या नातीचे फोटो दाखवत होता. कॅप्टन म्हणाली, "मीच. ठरलंय."

बाबांनी फोन न ठेवताच दुकानात आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी शेजारच्या चहावाल्याचा टीव्ही मागून आणलाय, आरशावर टांगलाय, आणि गल्लीतल्या यच्चयावत माणसाला आवतण दिलंय. कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. आता भाषण मिळालं नाही तर? बाबा टीव्हीसमोर उभे आणि पडद्यावर जिनेवाली!

राजधानी जवळ आली तेव्हा मॅडम बसमध्ये उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळे नेते ना? मग तुमच्यातर्फे कोण बोलणार ते तुम्हीच ठरवा." त्यांनी प्रत्येकाला एकेक पेपरमिंटची गोळी दिली. आठही जणांच्या फेरीत मिळालेल्या टोप्या मागच्या लांब सीटवर ओळीने मांडल्या. एकेकाने मागे जायचं, ज्याला निवडायचं त्याच्या टोपीत गोळी टाकायची आणि परत यायचं. बाकीच्यांनी तोंडं पुढे करून बसायचं.

असं काहीतरी होणार हे ताडून कॅप्टनने आदल्या दिवसापासून बुडबुडीला पाणी दे, चष्मेवाल्याची पिशवी उचल, असं चालवलं होतं. चष्मेवाला तर "तू बोलतेस मस्त" असंही म्हणाला होता. पण जिनेवालीला काही करावंच लागत नव्हतं, तिचं काय! कॅप्टन मागे गेली. जिनेवालीच्या टोपीत डोकावायचा मोह झाला, पण मॅडमची नजर समोरच्या आरशात होती. तिने आपली गोळी आपल्या टोपीत टाकली. लाज? अजिबात नाही. आपलं मत आपल्याला नाही तर कुणाला द्यायचं?

आता गंमत ऐका. मॅडमनी एकेक टोपी उचलून दाखवली. चष्मेवाल्याच्या टोपीत एक गोळी. बुडबुडीच्या टोपीत एक. पुढच्या चारही टोप्यांत एकेकच. मॅडमचा चेहरा पडत चालला. स्वतःला मत द्यायचं नाही, हे सांगायचं त्या साफ विसरल्या होत्या, आणि हे आठ पुढारी! ड्रायव्हरकाकांना हसू आवरेना, त्यांनी बस बाजूलाच घेतली.

"कॅप्टन, दोन," मॅडम म्हणाल्या. शेवटची टोपी त्यांनी उलटी केली, झटकली. जिनेवालीची. त्यातून काही पडलं नाही.

कुणाला हिशेब सांगायची गरजच उरली नाही. मग चष्मेवाला उठला आणि जिनेवालीला म्हणाला, "अगं, तू!" बुडबुडीने तिला मिठीच मारली. सगळे लाजून हसत होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. जिंकली होती कॅप्टन, आणि तिचं अभिनंदन करायची एकालाही आठवण राहिली नाही.

खोलीत गेल्यावर कॅप्टनने दार लावलं आणि थेट विचारलं, "मला का दिलंस मत?"

"तुला हवं होतं ना."

"तुला नको होतं?"

"मला कशाला?" जिनेवाली मोजे वाळत घालत होती. "मला एवढ्या लोकांसमोर घाम फुटतो. आणि तुला किती हवंय ते दिसतच होतं की."

दिसत होतं! कॅप्टनला कुणीतरी श्रीमुखात भडकावल्यासारखं झालं. जे मिळावं म्हणून ती आठवडाभर जळत होती, ते हिला नकोच होतं. उरलेलं ताट सरकवावं तसं हिने ते सरकवलं होतं, आणि वर मनात काहीच नाही. मनात काही असतं तर भांडता तरी आलं असतं. "उपकार नकोत मला कुणाचे," ती बाथरूमच्या आरशाला म्हणाली, आणि तिथेच तिने ठरवलं. उद्या हिचं नाव असं घ्यायचं, असं घ्यायचं, की देणं फिटलं पाहिजे. दोन ठसठशीत वाक्यं. मग मैदान.

सभागृह केवढं तरी मोठं होतं. दिवे डोळ्यांवर. कॅप्टनचा आवाज मात्र खणखणीत लागला. चष्मेवाला झाला, बुडबुडी झाली, बाकीचे झाले, प्रत्येकाला एकेक वाक्य. मग जिनेवाली आली. दोन वाक्यं बोलून झाली, आणि तिसरं आपोआप बाहेर पडलं. तिला सगळंच माहीत होतं ना! शत्रूबद्दल माणूस माहिती गोळा करतो तशी तिने ती गोळा केली होती, बारीकसारीक, एकही गोष्ट न सोडता. ती सहाव्या मजल्यावरच्या बंद दाराबद्दल बोलली. आठव्या मजल्यावरचे शिंपीकाका कित्येक महिन्यांनी खाली उतरले आणि फाटकाशी उभं राहून नुसता रस्ता बघत राहिले, ते सांगितलं. पोरं खांदा देऊन उभी राहायची, ते सांगितलं. उशीपाशी आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. कॅप्टनला थांबता येईना. बोलताबोलता तिच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नाही.

मॅडमनी घड्याळाकडे बोट केलं. मैदान राहूनच गेलं.

लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. पण बघत होते ते सगळे डावीकडे, जिथे जिनेवाली लाल कानांनी जमिनीत नजर रुतवून उभी होती. कॅप्टनला त्या टाळ्यांचाही हेवा वाटला. तिच्याच तोंडून निघालेल्या गोष्टीच्या टाळ्या!

पडद्यामागे येताच फोन वाजला. बाबा. मागे दुकानातला गलका.

"बाबा, पाहिलंत? कशी बोलले?"

"तू काय, तू छानच बोलतेस, ते काय नवीन आहे? बरं ऐक, ती जिन्यातली मुलगी कुठली गं? इथे सगळे विचारतायत. चहावाल्याची आई तर रडायलाच लागली. मी म्हटलं, माझी लेक ओळखते तिला! तिच्या शेजारच्या पलंगावर झोपते! आहे का ती तिथे? दे जरा."

कॅप्टनने ओठ आवळले. 'गेली ती' असं म्हणायला काय लागत होतं? जिनेवाली चार पावलांवर भिंतीला टेकून घाम पुसत होती. कॅप्टन गेली आणि फोन तिच्यापुढे धरला.

"घे. माझे बाबा आहेत. तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

जिनेवालीने फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील ना हो तुमचे?"

पलीकडून बाबा बोलायला लागले, गुडघ्यांबद्दल, टाचांबद्दल, संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसतात त्याबद्दल. यातलं एक अक्षरही कॅप्टनला माहीत नव्हतं. ती शेजारी उभी राहून ऐकत राहिली.