मागच्या सीटखालची जाळी

हायब्रीड गाडीला चार्जिंगला लावावं लागत नाही, हे मी सासऱ्यांना इतक्यांदा सांगितलं की आमची आरोहीसुद्धा झोपेत म्हणून दाखवेल. तरी धनपालआप्पांचा प्रश्न ठरलेला, लावायची कुठं? पेट्रोलवर पळते, ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते, हे त्यांना पटायचंच नाही. त्यांचं मत डिझेलला.

गाडीचा हट्ट माझा होता. बेळगावात कॅम्पातल्या शाळेत मी शिकवते. आधी तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी निपाणीला यायचे. पोरगी मला 'शनिवारची मम्मी' म्हणायला लागली, त्या दिवशी मी खोली सोडली. आता रोज ये-जा करायची तर गाडी हवी, आणि आमच्या परड्यातल्या शेडात विजेचा भरवसा नाही, म्हणून हायब्रीड.

त्याच शेडात शेंगांची पोती असतात, म्हणजे उंदीर आलेच. आम्ही जैन, उंदराला औषध घालणार नाही. आप्पांचा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेलेला. त्यांनी बॉनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी ठेवली. वासानं उंदीर फिरकत नाहीत, हा निपाणीतला जुना उपाय. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

सोमवारी हत्तरगीच्या पुढं काचेखालच्या पडद्यावर लाल खूण आली आणि गाडीनं जीव टाकला. ओढून बेळगावच्या वर्कशॉपला नेली. मेकॅनिकनं मागच्या सीटखालची जाळी काढली. बॅटरीला गार हवा मिळायची ती जागा. आत फडकं, आणि फडक्यातून सुटलेली तंबाखू. पंख्यानं सगळा चुरा आत ओढून घेतला होता. तो शिंकत शिंकत म्हणाला, बॅटरी खोलून साफ करावी लागेल, पंखा पुण्याहून येईल, आठवडा तरी धरा.

मी नवऱ्याला, अभिनंदनला फोन केला. तो म्हणाला, आप्पांना काही बोलू नको. माझं डोकं आणखी फिरलं. मग आठवडाभर कॅम्पातच राहावं म्हणून शाळेतल्या अनुराधाला खोलीचं विचारलं. माझी जुनी खोली अजून रिकामी होती. उद्या कळवते म्हटलं.

उभ्यानं बसचा प्रवास करून घरी पोचले तर आरोही झोपलेली. आप्पा बाहेरच्या सोप्यात बसून होते. दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस, माझी वाट बघत तसाच उपाशी राहिला होता, आणि आता सकाळपर्यंत काही खाणार नव्हता. त्याचाही मला रागच आला. म्हटलं, आप्पा, मागच्या जाळीत तंबाखू कुणी कोंबली?

"मीच की," ते म्हणाले. "बॅटरी मागं हाय म्हणालीस न्हवं? मग वायरीबी मागंच असणार. आन् एवढं मोठं भोक उघडं. उंदीर शिरला की गाडी बंद, आन् तू परत कॅम्पात. पोरगी परत शनिवार मोजत बसंल गं."

भांडायला जावं आणि समोरचा आपल्याच बाजूचा निघावा, याच्यासारखा वैताग नाही. राग होता तिथंच राहिला, फक्त काढायला माणूस उरला नाही. गाडी बिघडवली ती बिघडवलीच, असं पुटपुटत मी आत गेले.

सकाळी स्टँडवर बेळगाव गाडीला ही झुंबड. आज पुन्हा उभ्यानंच, असं म्हणत आत चढले तर खिडकीच्या जागेवर टोपी सावरत आप्पा बसलेले. मला बघून उठले.

"गाडी येस्तोवर रोज जागा धरतो," एवढंच म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत उतरले.

संकेश्वर यायच्या आत मी अनुराधाला फोन करून सांगितलं, खोली नको. बेळगावपर्यंत ऊन तोंडावर येत राहिलं, कारण आप्पांनी जागा धरली होती ती नेमकी उन्हाच्या बाजूची.