राणीचं तीनदा झालेलं गुस्ल

दिग्रसमध्ये मय्यत झालेल्या बायांना शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, मी घालते. बावीस वर्षं झाली. म्हणूनच माझ्या बहिणीची लेक जेबा त्या गुरुवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पुसदला तिच्या कॉलेजात एक जुनं नाटक शिकवतात. त्यातली राणी विष पिऊन मरते आणि दासी तिला न्हाऊ घालतात. त्या एका प्रसंगाचे दोन सिनेमे आणि जेबाच्या वर्गाने स्वतः केलेली फिल्म, असं तिन्ही शनिवारी कॉलेजात दाखवायचं होतं.

"फरीदाखाला, तू फक्त सांग, कोणतं खरं वाट्टे."

माझा रोजा होता आणि असरच्या नमाजनंतर, दुपार उतरताना, दुरूदचा जप पढायचा रोजचा नेम. तस्बीहची माळ हातात घेऊनच बसले.

पहिला सिनेमा काळापांढरा. राणी मरून पडलेली, डोळ्यांतलं काजळ जसंच्या तसं. दासींनी घंगाळातून गुलाबाच्या पाकळ्या उचलून तिच्या अंगावर टाकल्या. झालं गुस्ल!

"हे न्हाणं आहे का लग्नाची हळद?" मी हळूच विचारलं. "विष पेलेल्या बाईचं तोंड असं राह्यते काय? अन् ते दासी पाह्य, मय्यतीजवळ बांगड्या वाजवून राह्यली."

दुसरा नवा, रंगीत. त्यात राजा धावत येतो, ओल्या राणीला मांडीवर घेतो आणि छाती पिटत रडतच राहतो. तेवढ्यात राणीच्या पापण्या दोनदा हलल्या. अंगावर कापड म्हणावं तर नावाला. आमच्यात चादरीखालूनच न्हाऊ घालतात, हाताला फडकं गुंडाळून. इथे मात्र कॅमेरा तिच्या पोटऱ्यांवरून वर वर सरकतो.

"बेशरम लोकं," मी म्हणाले. "मेलेल्या बाईलेही सोडत नाहीत. अन् त्या राजाले म्हणा, ते जिती होती तवा तू कुठी गेलता?"

जेबा खो खो हसली. "खाला, तू बोलते हळू, पण सुरीच चालवते!"

मला मजा येत होती, हे लपवत नाही.

तिसरी जेबाची. पाणी कोमट, त्यात बोरीची पानं. चादर छातीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. आधी उजवी बाजू. मला बोट ठेवायला जागा सापडेना. मग दासीने राणीच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि मनगटाच्या वर गोंदलेलं नाव दिसलं. राजाचं नव्हे, भलत्याच कोणाचं. दासी पाणी ओतणाऱ्या मुलीकडे बघते, मुलगी दासीकडे.

माझी तस्बीह थांबली.

"हे कुठून आणलं?"

"तूच तर अम्मीले सांगून राह्यलती, मागच्या ईदले. मी भाकरी करत होती. तू नाव थोडी घेतलं कोणाचं!"

नाव घेतलं नव्हतं. तेवढ्यावर वर्षभर मी स्वतःला अमानतदार, मय्यतीचं गुपित राखणारी, समजत होते. ते नाव गोंदलेल्या बाईच्या गुस्लला पाणी ओतायला तिचीच लेक मुस्कान होती. मीच तिला म्हटलं होतं, दिसलं ते याच पाण्यात सोडून दे, बेटा. तिने बापाला आजवर कळू दिलं नाही. अठरा वर्षांची पोर ती.

"मुस्कान तुह्याच कॉलेजात आहे नं?"

"हो, शनिवारी येणार आहे. काहून?"

मी पडद्यावरच्या पाणी ओतणाऱ्या मुलीवर बोट ठेवलं. जेबाचा चेहरा हळूहळू उतरला.

"या अल्ला! पण खाला, सर म्हणे का हाच शॉट बेस्ट आहे."

"काढून टाक."

"मंग फिल्ममधी राह्यते काय?"

"काही नको राहू. किती जणांनी पाह्यलं हे?"

"वर्गातल्या सहा-सात पोरींनी."

तिने तो तुकडा माझ्यासमोर पुसला, नाक ओढत. पण सात पोरींच्या डोळ्यांतून तो कोण पुसणार? सिनेमावाल्यांना मी बेशरम म्हणाले होते. त्यांनी उघडी केली ती एक खोटी राणी. मी खरी बाई उघडी केली, तीही बहिणीसमोर, चहा पिता पिता.

इफ्तारला वेळ होता. बुरखा चढवून मी मागच्या गल्लीत गेले. मुस्काननेच दार उघडलं आणि मला बघून तिचा हात छातीवर गेला.

"खाला, तुमी? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, बेटा," मी म्हणाले. "तुह्या अम्मीबद्दल माह्याकडून मोठी चूक झाली. आत येऊ दे, सांगते."