जिन्यात टेकवलेला पियानो

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे तंद्री म्हणतात. घास हातात धरून भलतीकडेच बघत बसायची त्याची लहानपणापासूनची खोड. फक्त पियानो उचलताना तो जागा असतो. बावीस वर्षं आम्ही दोघे पियानो वाहतोय, कुणाच्या चौथ्या मजल्यावरून खाली आणि तिथून दुसऱ्या कुणाच्या चौथ्या मजल्यावर. पियानो लिफ्टमध्ये मावत नाही हे लोकांना तो विकत घेतल्यावर कळतं, आणि त्यावर आमची चूल पेटते.

या कामाची शिस्त आहे. जिन्यात पियानो टेकवायचा नाही. पायरीच्या कडेवर टेकला की सगळा भार पियानोच्या एका पायावर येतो आणि तो मोडतो. उचलला की थेट पुढच्या लँडिंगवरच ठेवायचा. तो वर, मी खाली, छातीवरून दोघांचे पट्टे, आणि श्वास बरोबर घ्यायचा बरोबर सोडायचा. अशी जोडी जमायला वर्षं लागतात, म्हणून जोडीदार बदलायचा नाही.

म्हणूनच तो आजारी पडला त्या आठवड्यात ताप अंगावर असताना त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डोळे लाल होते, ते मला दिसले होते. चार दिवसांनी तो म्हणाला, छातीत आवळल्यासारखं होतंय. आमच्या धंद्यात छाती आवळते ती पट्ट्यानं. मी मोठ्या शहाणपणानं त्याचा पट्टा दोन भोकं सैल केला आणि वर जेवण कमी कर म्हणून टोमणाही मारला. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर पियानो ठेवला आणि तो घरमालकिणीच्या गालिच्यावर आडवा झाला. ओठ पांढरे पडलेले. छत सावकाश वर चाललंय, असं काहीतरी तो पुटपुटत होता.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं निम्म्या असतील, पण घाईत नव्हत्या. मी विचारलं, नस तुंबली का. त्या म्हणाल्या, रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, हृदयाचा स्नायूच सुजलाय. साध्या तापाचा विषाणू कधीकधी तिथवर पोचतो. घोटा मुरगळला तर आपण पाय उचलून बसतो, हृदयाला बसवून ठेवता येत नाही. म्हणून बाकीच्या माणसाला बसवायचं. सहा महिने वजन नाही, धावपळ नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, दुखलं म्हणून आपल्या मनानं गोळी घ्यायची नाही, मीठ बेतानं. धडधड, चक्कर, धाप किंवा पायांवर सूज आली तर तडक यायचं.

"आणि जपायचं ते बरं वाटायला लागल्यावर," त्या म्हणाल्या. "आतली सूज उतरली की नाही ते तपासणीत कळतं, माणसाला कळत नाही. त्याआधी जोर केला तर ठोका एकाएकी बिघडू शकतो. मग कुणाच्या हातात काही राहत नाही."

हे त्या त्याला सांगत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

मग ते लांबच लांब महिने सुरू झाले. भावजयीनं त्याची खाट खिडकीशी ओढली. मी संध्याकाळी जायचो तेव्हा भिंतीवरचं ऊन कपाटापर्यंत आलेलं असायचं आणि तो ते बघत पडलेला असायचा. आता तंद्री लागली तरी कुणी हटकत नव्हतं. एकदा म्हणाला, झोपेत गावातले सगळे पियानो आपापले चालत घरी निघालेले दिसले. रांगेत, हळूहळू, सिग्नलला थांबत. मी विचारलं, मग आपलं काय? म्हणाला, आपण दोघं गॅलरीत बसून बघत होतो, आणि तुझे हात रिकामे होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कामाला मी शेजारच्या वखारीतला दाढीवाला घेतला. माणूस बैलासारखा दणकट, पण श्वास मात्र स्वतःच्या मर्जीनं घेणारा.

पाचव्या महिन्यात तंद्रीच्या गालांवर रंग आला. तपासणीला तीन आठवडे होते. घरात बसून कंटाळलो, निदान दारं तरी धरतो, असं म्हणून तो एका कामावर आमच्याबरोबर आला. मी नको म्हणायला हवं होतं. पण तो पायऱ्या थांबत थांबत चढत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सोबत हवी होती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरती दाढीवाल्याचा पाय सरकला. तो पडला नाही, पण पियानो कलला आणि भार माझ्यावर आला. डोळ्यांसमोर पांढरं धुकं पसरलं. त्या धुक्यातून तंद्री वरचं दार सोडून कठड्याकडेनं खाली उतरत होता, बाह्या सरसावत, खांदा पुढे करत. बावीस वर्षांत इतका जागा मी त्याला पाहिला नव्हता. त्यानं खांदा लावला असता तर पियानो वाचला असता.

मी गुडघे वाकवले आणि पियानो पायरीवर टेकवला.

पियानोचा पाय कडकन मोडला. आतल्या सगळ्या तारा एकदम घुमल्या आणि तो घुमारा जिनाभर भरून राहिला, वर, खाली, आमच्या पोटात. दाढीवाला तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. तंद्रीचा खांदा लाकडापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"मी धरला असता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

तो पायरीवर बसला. "दादा, मला बघायचंच होतं. धरता येतं की मरतो, एकदाचं कळलं असतं. रोज रात्री पडल्या पडल्या ठोके ऐकतो. एक झाला की पुढचा येईल की नाही याची वाट बघतो. पाच महिने. हिलासुद्धा सांगितलं नाही."

मी त्याच्या शेजारी बसलो. इतके महिने मला वाटत होतं, तो ऊन बघतोय.

"तू आता माझ्याकडे झोपायला ये," मी म्हणालो. "तुझ्या उशाशी बसतो. रात्री मी ऐकतो, तू झोप."